वाचकांस बक्षीस कशाचे?



दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. अशा संस्थेचा खरा आधार म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा वाचक. असा वाचक आपल्या गावीही घडावा, म्हणून आपण बक्षीस-योजना आखतो. शिक्षक असताना मीही ‘सर्वाधिक पुस्तके नेणाऱ्यास बक्षीस’ जाहीर केले होते. मुले पुस्तके न उघडताच परत करू लागली. सावकाश वाचणारी एक मुलगी तर येईनाशीच झाली. चूक माझी होती.

तेव्हा संख्या मोजू नका. जो पुस्तक वेळेवर परत करील आणि वाचलेले चार वाक्यांत सांगेल, त्यास नव्या पुस्तकाचा पहिला मान द्या. वाचनाचे बक्षीस पुस्तकच असावे.