एका शब्दाचे भांडण

मंडळी, करावे गावाला खाडी काय ते सांगायला नको. होडीतून माल येतो, माणसे येतात, त्यांच्याबरोबर धर्मही येतो. कल्याण इथून लांब नाही. तेही जुने बंदर. इसवी सन ५५०च्या सुमारास कॉस्मास नावाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले, की ‘कल्लियाना’ गावी इराणहून नेमलेला बिशप आहे. बिशप म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंचा प्रमुख. कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इराणच्या ख्रिस्ती लोकांनी ज्याला गुरू मानले, त्या नेस्टोरियसची गोष्ट आज आम्ही सांगतो.

नेस्टोरियस अंत्युखिया शहराकडचा साधू. बोलण्यात मोठा पटाईत. ४२८ साली रोमच्या बादशहाने त्याला राजधानीचा बिशप केले. ती राजधानी म्हणजे आजचे इस्तंबूल. माणूस मवाळ नव्हता, बरं का! वेगळ्या मताच्या लोकांना त्याने स्वतःच छळले.

लोक येशूच्या आईला, मरियेला, ‘देवमाता’ म्हणत. नेस्टोरियस म्हणाला, देवाला आरंभ नाही, मग त्याला आई कशी? ‘ख्रिस्तमाता’ म्हणा. झाले! ज्या नावाने बायाबापड्या रोज हात जोडतात, ते कुणी बदलू म्हटले तर चालेल का? आलेक्सांद्रियाचा बिशप सिरिल म्हणाला, हा येशूचे दोन तुकडे करतो, देव वेगळा आणि माणूस वेगळा. नेस्टोरियस म्हणे, मी तसे म्हणतच नाही.

४३१ साली इफिस शहरी सभा भरली. अंत्युखियाकडचे बिशप अजून वाटेतच होते. ठरल्या दिवसावर पंधरा दिवस गेले, तेव्हा सिरिलने त्यांच्यावाचून सभा सुरू केली. बोलावणी गेली तरी नेस्टोरियस आला नाही. एका दिवसात त्याचे पद गेले. चार दिवसांनी वाटेतले बिशप पोचले. त्यांनी वेगळे बसून सिरिललाच काढले! बादशहाने आधी दोघांनाही अडकवून ठेवले. शेवटी सिरिल आपल्या गादीवर गेला, नेस्टोरियस मठात.

४३५ साली त्याची पुस्तके जाळण्याचा हुकूम सुटला. पुढे त्याला मिसर देशाच्या वाळवंटात धाडले. तिथे लुटारूंनी त्याला पकडून नेले आणि मग सोडून दिले. म्हातारपणी त्याने आपली बाजू लिहून काढली. सन ४५०च्या सुमारास तो तिकडेच वारला.

इराणच्या मंडळीने इफिसचा निकाल मानला नाही. तिच्या वारसांचे प्रमुख मार दिन्खा चौथे आणि रोमचे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली एका कागदावर सह्या केल्या. ‘देवमाता’ म्हणा की ‘ख्रिस्तमाता’, श्रद्धा एकच आणि दोन्ही बोली बरोबर, असे त्यात कबूल केले. मध्ये १,५६३ वर्षे गेली होती.