संस्थेचे काम आणि मोफत साधने

(पाथरी येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात आम्हाला दिलेला विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. अनेकांनी मिळून करावयाचे काम सांभाळण्यासाठी इंटरनेटवर जी साधने मोफत मिळतात, त्यांतून आपण कोणते निवडावे, असा हा विषय आहे. हा तर पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांचा विषय, पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. म्हणून हा विषय आपल्या दारात कसा येऊन उभा राहिला, ते आधी सांगतो.

संस्थेच्या वतीने आम्ही बारा कार्यकर्ते दरवर्षी विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते, यांपैकी एक गोष्ट राहिली तरी अर्ज अडतो. पुढील वर्षी नूतनीकरण करावे लागते ते निराळेच. अशी चाळीस मुले आणि प्रत्येकाची पाच-सहा कामे धरली, तर दोनशेच्या वर कामे होतात. ती आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आणि स्मरणशक्तीवर चालवीत होतो.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने रात्री गटावर लिहिले, "उत्पन्नाचा दाखला मिळाला आहे, कोणाकडे देऊ?" वडील ऊसतोडीला गेलेले, मुलगी पहिल्या वर्षाला. त्याच रात्री एका कार्यकर्त्याचा वाढदिवस होता. शुभेच्छांचे साठ-सत्तर संदेश आले आणि त्यांच्याखाली तिचा प्रश्न गाडला गेला. ज्यांनी तो वाचला, त्यांना वाटले की दुसरा कोणी पाहील. मुदत संपल्यावर ती आमच्यापुढे दाखला हातात घेऊन उभी राहिली. यात कोणत्याही कार्यालयाचा दोष नव्हता. आम्ही बारा जण होतो, पण ते काम बारांपैकी एकाच्याही नावावर नव्हते. तिला मेसचे पैसे उसने काढावे लागले. आज ती शिकते आहे, एवढेच आमचे समाधान. पण त्या दिवसापासून हा विषय आमच्यासाठी कंपन्यांचा राहिला नाही.

बंधू-भगिनींनो, व्हॉट्सअ‍ॅपचा गट ही चावडी आहे. चावडीवर बोलावे, बातमी द्यावी, विचारपूस करावी. परंतु चावडीवर बोललेले कोणी वहीत उतरविले नाही, तर ते वाऱ्यावर जाते. आमच्याकडे चावडी होती, वही नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो या अभियंत्याने 'कानबान' नावाची पद्धत बसविली. कानबान म्हणजे पाटी. कोणता सुटा भाग किती हवा, हे चिठ्ठीवर लिहावयाचे आणि चिठ्ठी आल्याखेरीज मागच्या विभागाने माल करावयाचा नाही, अशी ती साधी पद्धत. कोठे काय अडले आहे, हे चिठ्ठ्यांकडे पाहूनच कळे. आज संगणकावर कामाचे फलक म्हणून जी साधने मिळतात, त्यांतील बऱ्याच जणांचे मूळ या चिठ्ठीत आहे.

आम्हीही आधी संगणकाकडे गेलो नाही. संस्थेच्या खोलीत भिंतीवर पुठ्ठा लावला आणि त्यावर तीन रकाने आखले: करावयाचे, चालू, पूर्ण. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी केली. चिठ्ठीवर काम काय, ते कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच लिहिले. एका चिठ्ठीवर एकच नाव, हा नियम केला. पंधरा दिवसांत फरक दिसला. तथापि आमच्यातील चार जण परभणी आणि नांदेडला शिकतात. त्यांना पाथरीची भिंत दिसणार कशी? म्हणून इंटरनेटवरील साधनाची गरज पडली. हा क्रम विद्यार्थी मित्रांनी ध्यानात ठेवावा. कामाची रीत आधी बसली पाहिजे, साधन त्यानंतर. ज्यांची रीत बसलेली नाही, त्यांचा गोंधळ महागड्या साधनातही गोंधळच राहतो.

आता निवड कशी करावी? आम्ही ठेचा खात पाच प्रश्न शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न: मोफत कोठपर्यंत? ट्रेलो हे चिठ्ठ्यांच्या फलकाचे साधन २०११ साली निघाले आणि २०१७ साली अ‍ॅटलासियन या कंपनीने ते विकत घेतले. वापरावयास ते फार सोपे आहे. पण २०२४ पासून त्याच्या मोफत योजनेत एका कार्यक्षेत्रात दहाच माणसे घेता येतात. आम्ही बारा. दोघांना दाराबाहेर ठेवून संघाचे काम कसे करावयाचे? कंपनीने धंदा करू नये असे आमचे म्हणणे नाही. मोफत योजना हा दुकानाचा ओटा आहे आणि ओटा कधी लहान करावयाचा हे दुकानदार ठरवितो, एवढे आपण समजून असावे.

दुसरा प्रश्न: उद्या हे बंद पडले, तर आपली नोंद बाहेर काढता येईल काय? बर्लिनच्या एका कंपनीचे वंडरलिस्ट नावाचे कामांच्या याद्यांचे साधन लोकांच्या मोठ्या आवडीचे होते. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली आणि ६ मे २०२० रोजी वंडरलिस्ट बंद केले. ज्यांनी आपल्या याद्या वेळेत दुसरीकडे नेल्या, त्यांच्या वाचल्या. म्हणून साधन घेताना पहिल्याच दिवशी नोंद उतरवून घेण्याची सोय शोधावी. चार खोट्या नोंदी भराव्यात, त्या तक्त्याच्या रूपात उतरवून पाहाव्यात आणि मगच खऱ्या नोंदी भराव्यात.

तिसरा प्रश्न: खाते कोणाचे? आमची एक जुनी यादी एका कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यात होती. त्याला नोकरी लागली, तो बाहेरगावी गेला, फोनचा नंबर बदलला, पासवर्ड विसरला. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण दोन वर्षांची यादी गेली. संस्थेची वही संस्थेच्याच नावाच्या खात्यात असावी आणि किल्ली दोघा पदाधिकाऱ्यांकडे असावी. आणखी एक गोष्ट. दोन वर्षे वापर नसलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. हा नियम २०२३ साली जाहीर झाला. तेव्हा खाते उघडून विसरून जाणेही चालत नाही.

चौथा प्रश्न: आपल्यातील सर्वांत साध्या मोबाइलवर, मराठीतून, ते चालते काय? आमच्या जुन्या याद्या कृतिदेव आणि श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या नव्या तक्त्यात आणल्या तेव्हा अक्षरांचा नुसता खिचडा झाला, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी दिसते पण आतून ती मराठी म्हणून साठविलेली नसते. युनिकोडमध्ये टाइप केलेले कोठेही वाचता येते, शोधता येते. म्हणून नव्या नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात. तसेच ज्या साधनासाठी नवा फोन घ्यावा लागेल, ते आपल्यापुरते मोफत नव्हे.

पाचवा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत मोठा: आत काय लिहिले जाते आणि ते कोण पाहते? मुलांची जात, घरचे उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते, या गोष्टी रस्त्यावर मांडावयाच्या नाहीत. तक्ता वाटताना 'लिंक असेल तो पाहील' अशी परवानगी आपण सहज देतो. मग ती लिंक एका हातून दुसऱ्या हाती कोठवर जाते, त्याचा हिशेब राहत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. पण कायद्याचे भय नसते तरी ज्यांनी विश्वासाने कागद आपल्या हाती दिले, त्यांच्याविषयी एवढी काळजी आपण घ्यावयासच हवी.

येथे एका सभासदांनी मघाशी आम्हाला विचारले की, पूर्णपणे आपल्याच मालकीचे साधन नाही काय? आहे. मोफत आणि मुक्त यांत फरक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली. ज्याची आतली रचना सर्वांस पाहता, बदलता व वाटता येते, ते मुक्त. कॅनबोर्ड हे तसे एक फलकाचे साधन आहे. त्यात माणसांची मर्यादा कंपनी घालीत नाही. परंतु ते आपल्या सर्व्हरवर बसवावे लागते आणि त्याची देखभाल करणारा जाणता माणूस लागतो. फुकट मिळालेल्या म्हशीलाही चारा घालावा लागतो. आमच्यात आज तसा माणूस नाही. समोर बसलेल्यांपैकी कोणी संगणकशास्त्र शिकत असेल, तर पुढील वर्षी हे काम त्याने अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

मग आम्ही काय निवडले? अगदी साधे. संस्थेच्या खात्यातील एक गूगल शीट. बाराही जणांना ती मोबाइलवर उघडते आणि कोणती नोंद कोणी केव्हा बदलली, हे मागे जाऊन पाहता येते. रकाने पाच: विद्यार्थ्याचा क्रमांक, काम, जबाबदार कार्यकर्ता, तारीख, स्थिती. मुलाचे नाव व कागदपत्रे तेथे नाहीत. क्रमांकापुढील नाव संस्थेच्या कपाटातील वहीत आहे. तक्त्यात 'दाखला मिळाला' किंवा 'बाकी' एवढेच दिसते. परवानगी बारा जणांच्या नावांनीच दिली आहे. दर रविवारी बैठकीत तक्ता वरपासून खालपर्यंत वाचतो आणि महिन्यातून एकदा तो उतरवून, छापून फाइलला लावतो. गट आम्ही बंद केलेला नाही, पण एक नियम आहे: गटावर बोलले गेले आणि तक्त्यात चढले नाही, तर ते काम कोणी घेतले असे धरावयाचे नाही.

यामुळे सर्व अडचणी संपल्या असे आम्ही म्हणत नाही. तक्त्यात तारीख उलटून गेलेली दिसते, पण तक्ता उठून कोणाचे दार ठोठावीत नाही. फोन करावा लागतो, गावी जावे लागते, मुलाबरोबर सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागते. ते माणसाचेच काम आहे.

बाबासाहेबांनी १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढल्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्या पिढीजवळ यांतले कोणतेही साधन नव्हते. आपल्या खिशात आज ते आहे. तेव्हा आपल्या गावी एकाही मुलाचा दाखला मुदतीनंतर हातात राहू नये, एवढी अपेक्षा आपल्याकडून ठेवली तर ती जास्त म्हणता येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर एका कागदावर आपली चालू कामे लिहा आणि प्रत्येकापुढे एकच नाव व एकच तारीख घाला. ज्या कामापुढे नाव घालता येत नाही, ते काम आजच अडलेले आहे असे समजा. साधन त्यानंतर निवडा.

 जय भीम.