मुलगी शिकायला परदेशी निघते तेव्हा

मी साकीनाक्याहून आले आहे. तिथल्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी बघते. माझं माहेर पाटण तालुक्यातलं, त्यामुळे गावाकडच्या गटाची बैठक कशी चालते तेही मला ठाऊक आहे. तुमच्याकडे बैठकीत मधेच कुणाची तरी म्हैस सुटते, आमच्याकडे मधेच विमान जातं. जरीमरीच्या वर विमानं इतकी खाली येतात की बोलणारी बाई अर्ध्या वाक्यात थांबते, विमान पुढे गेलं की राहिलेलं अर्धं वाक्य पुरं करते. कुणाला त्याचं काही वाटत नाही. आमची पोरं त्या विमानांखालीच वाढली, पण त्यात बसून जाणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. गेल्या वर्षी एक मुलगी गेली. तिची गोष्ट सांगते. ती तिच्या आईची जास्त आहे आणि आमच्या गटाचीही आहे.

आई आमच्या गटाची खजिनदार. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलंय. खैरानी रोडच्या बाजूला कपड्यांचे कारखाने आहेत, तिथून ती धागे कापायला माल घरी आणते. नवरा एका वर्कशॉपात कामाला. मुलीने मुंबईतच इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं नोकरी केली, आणि एक दिवस म्हणाली, मला जर्मनीला पुढचं शिकायला जायचंय.

आईला पहिल्यांदा वाटलं, पोरीला कुणीतरी भुलवलंय. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. कारण त्याआधी दोघी मायलेकी अंधेरीच्या एका एजंटाकडे जाऊन आल्या होत्या. त्याने सव्वा लाख रुपये मागितले आणि तिकडच्या एका खाजगी कॉलेजचं माहितीपत्रक हातात दिलं. मुलगी हुशार. तिने घरी येऊन शोधलं तर कळलं की जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकण्याची फीच नसते. एका राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून घेतात, बाकी बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांची थोडी वर्गणी भरायची. शिवाय अर्ज आपला आपण करता येतो. एजंटाने हे काहीच सांगितलं नव्हतं. खाजगी कॉलेजला मुलं मिळवून दिली की अशा लोकांना कॉलेजकडूनही कमिशन मिळतं. म्हणून कुणी एजंट तुमच्या दारात आला तर आधी एवढंच विचारा, विद्यापीठ सरकारी की खाजगी?

फी नाही म्हटल्यावर आईला हायसं वाटलं. पण पुढे खरा डोंगर होता. जर्मनीचा व्हिसा हवा असेल तर वर्षभर राहण्याखाण्याचे पैसे आधीच एका बंद खात्यात दाखवावे लागतात. ही रक्कम ११,९०४ युरो. आपल्या पैशात तेव्हा दहा लाख सत्तर हजारांच्या आसपास झाली. हे पैसे बुडत नाहीत. तिकडे गेल्यावर त्याच खात्यातून महिन्याला ९९२ युरो तिलाच मिळतात, खोलीचं भाडं आणि जेवण त्यातूनच. पण आधी एकरकमी उभे तर करायला हवेत. शिवाय आपल्या पदव्या खऱ्या आहेत असं प्रमाणपत्र लागतं, त्याचे अठरा हजार. व्हिसा, विमा, तिकीट वेगळं. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाईने हा आकडा ऐकला तेव्हा ती हसली. रडण्याच्या पलीकडचं हसू असतं ना, तसं.

सरकारी बँकेत गेलो. साडेसात लाखांपर्यंत तारण न ठेवता कर्ज बसतंय असं कळलं. त्याच्या वर हवं असेल तर घर किंवा जमीन तारण द्या म्हणाले. आमच्याकडे घराचा फोटोपास आहे. त्यावर मतदान होतं, लाइटबिल येतं, पण बँक तो तारण म्हणून घेत नाही. वीस वर्षं ज्या घराचं भाडं भरावं लागलं नाही म्हणून आपण स्वतःला नशीबवान समजत होतो, ते घर कागदावर घरच नाही, हे त्या दिवशी बँकेच्या बाकावर बसून आम्हाला कळलं.

मग ती माहेरी गेली. वडिलोपार्जित जमीन आहे, वडील वारलेत, सातबाऱ्यावर भावांबरोबर तिचंही नाव लागलंय. थोरला भाऊ म्हणाला, तीन लाख देतो, पण हक्कसोडपत्रावर सही कर. मैत्रिणींनो, हे तुमच्यातल्या किती जणींच्या ओळखीचं आहे ते मला माहीत आहे. भाऊ काही वाईट माणूस नाही. लहानपणी त्यानेच हिला सायकलवरून शाळेत सोडलं होतं. पण अडचणीत आलेल्या बहिणीकडून हक्क सोडवून घेणं हे आपल्याकडे मदत म्हणून चालतं. २००५ साली कायदा बदलला, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हिस्सा झाला. आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच तसा कायदा होता. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क तिला जन्मानेच मिळतो. हे मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ताई, कायदा मला पाठ आहे, पण राखीला मी जाऊ कुठे?

तिने सही केली नाही. तीन लाखही घेतले नाहीत. रात्रीच्या एसटीने परत आली.

इथे मला आनंदीबाई जोशींची आठवण होते. तुम्ही मालिका बघितली असेल, सिनेमा बघितला असेल. १८८३ च्या ७ एप्रिलला, वयाच्या अठराव्या वर्षी ही मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. जाण्यासाठी तिने वडिलांनी दिलेले दागिने विकले. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं, म्हणून तिला डॉक्टर व्हायचं होतं. पोस्टात काम करणारा तिचा नवरा गोपाळराव हाच तिला शिकवण्याच्या मागे लागला होता. तिकडे कार्पेंटरबाई म्हणून एक गृहिणी होत्या. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना त्यांनी मासिकात आनंदीबाईंबद्दलचं पत्र वाचलं आणि मुलीसारखं तिला घरात घेतलं. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात ती शिकली. तिथे राहायच्या खोलीत शेगडी पेटवली की धूर व्हायचा आणि विझवली की थंडी. तीन वर्षं तिने साडी सोडली नाही आणि मांसाहार केला नाही. इकडून नवऱ्याची टोचून बोलणारी पत्रं जायची. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर तिची नेमणूक झाली होती. पण ती क्षय घेऊनच परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस पुरी व्हायला महिना राहिला होता.

तिचे गोडवे आपण खूप गातो. मला मात्र नेहमी तो धूर डोळ्यासमोर येतो. खोलीत धूर होतोय, मी आजारी आहे, हे ती कुणाला आणि किती सांगत असेल? जिच्यासाठी एवढं सगळं पणाला लागलंय तिला तक्रार करायची सोय कुठे राहते?

बाबासाहेबांचंही तेच. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तिथून लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. लंडनमध्ये रात्री अभ्यास करताना भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून दुधाबरोबर खायचे, असं त्यांच्या चरित्रात आहे. इकडे परळच्या चाळीत रमाबाई घर ओढत होत्या. पापड लाटणाऱ्या आमच्या गटातल्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा एक म्हणाली, मग आपल्या पोरीलाही पापड द्यायचे, चांगले चार किलो. आणि खरंच दिले. विमानात सामानाचं वजन जास्त झालं म्हणून त्यातले दोन किलो विमानतळावरून परत आले, ते आम्हीच खाल्ले.

शिष्यवृत्तीचंही सांगते, कारण आम्हाला ते उशिरा कळलं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, इतर मागास आणि भटक्या विमुक्त मुलांसाठी वेगवेगळ्या खात्यांच्या योजना आहेत. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीतर्फे आहे. जागा मोजक्या असतात आणि अर्जाची तारीख ठरलेली असते. आमच्या मुलीची तारीख गेली होती. ऑक्टोबरचं सत्रही पैशांअभावी गेलं, म्हणून तिने एप्रिलच्या सत्रासाठी पुन्हा अर्ज केला. तुमच्या गावात कुणी मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असेल तर समाजकल्याण कार्यालयात आत्ताच विचारून ठेवा, नंतर नको.

आता आमच्या बैठकीचं. फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. बँकेने साडेसात लाख मंजूर केले होते. मुलीची साठवण होती, आईने बांगड्या ठेवून सोनेतारण घेतलं. तिकिटाचे तीस हजार कमी पडत होते. गटात शिल्लक होती बावन्न हजार. त्याच महिन्यात आमच्या दुसऱ्या एका सदस्य मावशीने पस्तीस हजारांचा अर्ज दिला होता, पावसाच्या आधी छपराचे पत्रे बदलायला.

खजिनदार ताईने वही माझ्यासमोर ठेवली आणि ती दाराशी जाऊन बसली. म्हणाली, माझाच अर्ज आहे, मी बोलणार नाही. मावशी मात्र बोलल्या. म्हणाल्या, हिची पोरगी विमानात बसणार आणि आमच्या डोक्यावर पाणी पडणार, हा कुठला न्याय? कुणी उत्तर दिलं नाही. वरून विमान गेलं, ते गेल्यावरही कुणी बोललं नाही. मग मत घेतलं. तिकिटाला तीस हजार, मावशींना वीस, उरलेले पंधरा पुढच्या दोन-तीन महिन्यांत. मावशींनी सही केली, पण पान जोरात उलटलं.

मी तिकिटाच्या बाजूने होते. जूनमध्ये मावशींच्या घरावर निळी ताडपत्री बघितली तेव्हा मला वाटलं, आपण चुकलो. आजही मला त्याचं नक्की उत्तर देता येत नाही.

आणखी पन्नास हजार आले ते कुठून, हे तुम्हाला आवडेल. ताईच्या धाकट्या भावजयीने गावच्या बचत गटातून कर्ज काढून पाठवले. नवऱ्याला तिने शेळ्यांसाठी घेतले म्हणून सांगितलं. खोटं बोलणं मी शिकवत नाही, झालं ते सांगते. ते आता फिटलेत आणि नवऱ्यालाही कळलंय. तो म्हणाला म्हणे, शेळ्या तर दिसल्या नाहीत, मला तेव्हाच शंका आली होती.

मुलगी मार्चमध्ये गेली. रोज फोन. खोली छान आहे, मैत्रिणी छान आहेत, सगळं छान आहे. आईही इकडून म्हणायची, आमचंही छान आहे. खरं असं होतं की डिसेंबरात तिकडे दुपारी चार-साडेचारला अंधार पडायचा आणि ती आठवडाभर तापाने एकटी पडून होती. शनिवारी-रविवारी बेकरीत काम करायची. विद्यार्थ्यांना तिथे वर्षाला १४० दिवसच काम करता येतं, तेही तिने आईला सांगितलं नव्हतं. आणि इकडे वडिलांचं वर्कशॉप बंद पडून दोन महिने झाले होते. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि दोघी रात्री जाग्या राहत होत्या.

हे फुटलं कसं? बैठकीच्या दिवशी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. आईने फोन सगळ्यांसमोर फिरवला. पत्र्यावाल्या मावशी फोनमध्ये तोंड घालून म्हणाल्या, अगं, तुझा बाप घरी बसलाय दिवाळीपासून, तुला सांगितलं नाही होय? एकदम शांतता. आईने फोन हिसकावला. पण मुलगी तिकडे रडायला लागली आणि रडता रडता तापाचं, बेकरीचं, अंधाराचं सगळं सांगून बसली. मावशींवर ताई आठवडाभर रागावली होती. नंतर त्यांच्याकडे जाऊन चहा पिऊन आली.

वडिलांना आता दुसरीकडे काम लागलंय, पगार कमी आहे. बँकेचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होईल, पण व्याज आत्तापासून चढतंय आणि ते आकडे ताईने गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. गटाचे तीस हजार मात्र महिन्याच्या महिन्याला परत येतात. आता मुलगी दर रविवारी फोन करते तेव्हा आधी वाईट बातमी विचारते, मग चांगली. गेल्या रविवारी मी तिथेच होते. तिने विचारलं, मावशींचे पत्रे बसले का?

बसले, आई म्हणाली. पण मोरीच्या कोपऱ्यात अजून गळतं.