जुनं रेशीम का चिरतं?

आज कोडिंग बाजूला, आज जुन्या रेशमी गोधड्या. अमेरिकेत १८८०च्या दशकात 'क्रेझी क्विल्ट'चं फॅड होतं. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात लोकांनी जपानी कला पाहिली, त्याचाही यात वाटा. रेशीम, मखमल, अगदी सिगारच्या जुडीला बांधलेल्या फितीसुद्धा वेड्यावाकड्या जोडायच्या आणि शिवणींवर रंगीत भरतकाम करायचं. आत कापूस बहुधा नसायचाच. आपल्या आजीची जुन्या लुगड्यांची गोधडी रोज पांघरायची. ही दिवाणखान्यात मिरवायची.

आता गंमत बघा. अशा गोधडीत एक तुकडा नवाकोरा दिसतो आणि शेजारचा उभा चिरलेला. का? कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर काढला की वजन जवळपास पाव भागाने घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर. मग कारखानदार त्यात कथिल, लोखंडाचे क्षार मुरवायचे. त्याच क्षारांनी कापड ठिसूळ होतं. आम्ही ज्याला टेक्निकल डेट म्हणतो ना, तेच! नफा तेव्हाच्या व्यापाऱ्याला, व्याज आजच्या संग्राहकाला.

हे चिरणं थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. म्हणून अशी गोधडी मिळाली तर धुऊ नका, उन्हात टाकू नका. धुतलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळा. आणि फाटका तुकडा उसवून नवा लावायचा मोह टाळा. कोपऱ्यात दोऱ्याने भरलेली आद्याक्षरं, एखादं साल, हीच बऱ्याचदा त्या बाईची एकमेव सही असते. ती उसवली तर बॅकअप कुठेच नाही.