लक्ष्मीच्या तोंडावरचं कुंकू

आज पोंभुर्ण्याहून बोलतेय, आजीच्या घरातून. आजी दिवाळीनंतर गेली. आता घर रिकामं करतोय, आणि भांडण पेटलंय एका फोटोवरून.

'फोटो' हा आमचा शब्द. खरं तर ते छापील चित्र आहे, राजा रविवर्मांची कमळावरची लक्ष्मी. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देव घराघरांत पोचले. ज्यांना देवळात पाऊल टाकू देत नव्हते, त्यांच्याही. बायका या चित्रांवर जर, टिकल्या चिकटवायच्या. आमच्या लक्ष्मीच्या साडीलाही जर आहे. आणि कुंकवाचा थर एवढा, की डोळे अर्धे झाकलेत.

दादा म्हणतो, साफ करून विकू. जुन्या वस्तू घेणारा एकजण बरे पैसे देतोय. "चित्र नीट दिसलं तर पाहिजे!"

पण आजीनं ते बघायला लावलंच नव्हतं ना. लहानपणी मी एकदा ओला फडका घेऊन गेले, तर ओरडली, "तिच्या तोंडाले फडका नोको लावू मायं!"

मला वाटायचं, हे आपलंच गावठी खूळ. मग रेनेसाँबद्दल वाचलं. त्या काळची चित्रं आपण मोबाइलवर झूम करून बघतो, ब्रशचे फटकारे वगैरे. पण फ्लॉरेन्सजवळच्या इम्प्रुनेता गावात मेरीचं एक चित्र होतं, एरवी पडद्याआड झाकलेलं. पाऊस ताणला, की लोक ते मिरवणुकीनं शहरात आणायचे. रोवणी खोळंबली की आपल्याकडे धोंडी निघते, तसंच! त्याही आधी, ९ जून १३११ ला, सिएना शहरात दुच्चोचं नवं चित्र कॅथेड्रलमध्ये नेलं, तेव्हा दुकानं बंद, घंटा चालू, हातात मेणबत्त्या घेऊन अख्खं गाव मागे. काही ठिकाणी तर लोकांनी चित्रातल्या सैतानाचे डोळे खरवडून काढलेत. आजचे जाणकार ते ओरखडेही जपतात, कारण बघणाऱ्यांचा तेवढाच पुरावा उरलाय.

मग आजीचं कुंकू म्हणजे मळ कसा?

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाव सांग."

काल तो त्या माणसाला पाठवायला फोटो काढत होता. आईनं त्याला थांबवलं. निरांजन लावलं, लक्ष्मीला बोटभर कुंकू लावलं, मग म्हणाली, "काढ आता."

रविवारी तो माणूस येतोय. काय होतं ते पुढच्या भागात सांगते.