अर्ध्यावरच्या कादंबऱ्या आणि संथ वाचक



गावच्या ग्रंथालयात एक वाचक हमखास भेटतो. त्याच्या नावावर एक कादंबरी कित्येक आठवडे मांडलेली असते, दुसरी त्याने शेजाऱ्याकडून आणलेली असते, तिसरी शाळेच्या कपाटातील असते. आणि तिन्हींमध्ये खुणेसाठी एसटीची जुनी तिकिटे घातलेली असतात. हा गृहस्थ आळशी नसतो. दिवसभराची कामे आटोपल्यावर तो रात्री आठ-दहा पाने वाचतो, आवडलेला परिच्छेद पुन्हा वाचतो आणि झोपी जातो. परंतु "झाली का वाचून?" या साध्या प्रश्नानेही तो ओशाळतो आणि हळूहळू ग्रंथालयाची पायरी चढेनासा होतो. असा वाचक गमावला, की त्याच्या घरातील मुलांच्या डोळ्यांसमोरचे वाचणारे माणूसही नाहीसे होते. म्हणून विषय वैयक्तिक सवयीचा दिसला, तरी तो लोकशिक्षणाचा आहे.

संथपणा हा दोष नव्हे

थोडेथोडे वाचणे आपल्याकडे नवे नाही. चातुर्मासात देवळात पोथी लागते, रोज ठरलेला अध्याय होतो आणि श्रोते दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. त्यांना कोणी संथ म्हणून हिणवीत नाही. मराठी कादंबरीही अशाच टप्प्याटप्प्याच्या वाचनावर वाढली. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूची कहाणी त्या काळच्या वाचकांनी अंकाअंकाने वाचली. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्स यांची 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये मासिक भागांनी निघाली. या वाचकांच्या हातीही अपुऱ्या कादंबऱ्याच होत्या. फरक एवढाच की, तेथे खंड नियमित होता आणि पुढचा भाग ठरल्या वेळी येत असे. आजच्या संथ वाचकाचा खंड मात्र अनियमित असतो. एकीतला प्रसंग दुसरीत मिसळतो, पात्रांची नाती विसरतात आणि मागची वीस पाने पुन्हा चाळावी लागतात. त्याची खरी अडचण वेगाची नाही, विखुरलेपणाची आहे.

थोडा हिशेब

प्रत्येकी ३०० पानांच्या तीन कादंबऱ्या आहेत आणि वाचक रोज १० पाने वाचतो, असे समजू. एकामागून एक वाचल्यास पहिली ३० व्या दिवशी, दुसरी ६० व्या दिवशी आणि तिसरी ९० व्या दिवशी संपेल. रोज एक याप्रमाणे आलटून पालटून वाचल्यास त्या अनुक्रमे ८८, ८९ आणि ९० व्या दिवशी संपतील. पाने तेवढीच, श्रमही तेवढेच. परंतु पहिल्या रीतीत एका महिन्यात एक कादंबरी पूर्ण झाल्याचे समाधान मिळते, दुसऱ्या रीतीत जवळजवळ तीन महिने हाती काहीच लागत नाही. शिवाय ग्रंथालयात प्रत एकच असेल, तर पहिल्या रीतीत ती ३० दिवसांत दुसऱ्या वाचकाच्या हाती जाते. दुसऱ्या रीतीत तोच वाचक तीन महिने खोळंबतो. रस्ता, विहीर आणि शाळेची भिंत ही तिन्ही कामे एकदम काढून तिन्ही अर्धवट ठेवण्याचा अनुभव ज्या पंचायतीने घेतला असेल, तिला हा हिशेब अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

निवड कशी करावी

याचा अर्थ एका वेळी एकच कादंबरी वाचावी, असा कडक नियम नव्हे. काही कादंबऱ्यांची रचनाच विसाव्याला अनुकूल असते. वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति'मध्ये ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कथा सांगतात. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'मध्येही कर्णाबरोबर इतर पात्रे बोलतात. निवेदक बदलतो तेथे वाचकाने निःशंक थांबावे. उलट भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त पांडुरंग सांगवीकरचा एकच स्वर वाहता असतो. त्यात मोठा खंड पडला, तर कथानक आठवले तरी लय हरवते. अशी कादंबरी हाती असताना दुसरी उघडू नये. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'सारखी छोटी कादंबरी मात्र मोठ्या ग्रंथाच्या सोबतीला चालते. एक मुख्य आणि एक सोबतीची, एवढी मर्यादा संथ वाचकाला पुरेशी आहे. मुख्य कादंबरीत एक चिठ्ठी ठेवून पात्रांची नावे व कथा कोठवर आली, हे दोन ओळींत टिपून ठेवले, तर मागे जाण्याचे श्रम वाचतात.

आणि जी कादंबरी मनाला धरत नाही, ती संकोच न करता परत करावी. फ्रेंच शिक्षक व लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे हक्क मांडले, त्यांत पुस्तक पुरे न करण्याचाही हक्क आहे.

ग्रंथालयाचे कर्तव्य

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. त्याचा अर्थ पुस्तक झटपट काढून देणे एवढाच नाही. ज्याच्यापाशी रोज अर्धाच तास आहे, त्याचा वेळ नको असलेल्या पुस्तकात जाऊ न देणे, हाही त्याचा अर्थ आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या अधिनियमाने सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला. त्या आधाराचे चीज देवघेवीच्या आकड्यांपेक्षा वाचक टिकण्यात आहे.

म्हणून मागणी नसलेल्या पुस्तकाची मुदत ग्रंथपालांनी आपण होऊन वाढवून द्यावी, आणि मागणी असलेले अर्धवट पुस्तक परत घेताना पान क्रमांक टिपून घेऊन पुन्हा देण्याचा शब्द द्यावा. पंचायतीने मागणीच्या कादंबरीची दुसरी प्रत घेण्यास साहाय्य करावे. शिक्षकांनी "किती पुस्तके वाचली?" याऐवजी "कथा कोठवर आली?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला संथ वाचक मान खाली घालतो. दुसऱ्याला तो खुर्ची ओढून सांगू लागतो. त्या सांगण्यातूनच त्याची अर्ध्यावरची कादंबरी पुढे सरकते, आणि ऐकणाऱ्यांपैकी एखादा ती वाचण्यासाठी आपले नाव नोंदवितो.