उन्हाळा बदलला, याचा पुरावा कोणता?
(बेलपाडा, ता. पनवेल येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आपल्या गांवाशेजारीं खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजीं मोठा समारंभ झाला. लाखों माणसें भर उन्हांत उघड्यावर बसलीं आणि उष्माघातानें चौदा जीव गेले. त्या दिवशीं पारा अडतीस अंशांच्या आसपास होता. विदर्भांत याहून कडक ऊन पडतें. मग येथें माणसें कां मेलीं?

कुंभारदादांना विचारा. मडक्याबाहेर पाझरलेला ओलावा सुकतो, म्हणून आंतलें पाणी थंड होतें. हवा दमट असली कीं ओलावा सुकत नाहीं व पाणी कोमटच राहतें. आपल्या अंगाचेंहि तसेंच आहे. खाडीकांठच्या दमट हवेंत घाम सुकत नाहीं, अंगांतील ताप बाहेर पडत नाहीं आणि माणूस कोसळतो.

पंचांगवाला म्हणेल, हा ग्रहांचा फेरा. शांत करा, दक्षिणा द्या. दुसरा कोणी म्हणेल, एक दिवस असा तापला, त्या अर्थीं जगाचें हवामान पालटलें. आम्हांस दोन्ही मतें मान्य नाहींत. एका दिवसाच्या उन्हावरून किंवा एका सालच्या अवकाळीवरून कांहींच सिद्ध होत नाहीं. हवामान ठरवितांना साधारण तीस वर्षांची सरासरी पाहतात. शिवाय येथील भातशेतें जाऊन सिमेंटचीं घरें व डांबरी रस्ते झाले, त्यांची धगहि आहेच.

मग पुरावा कोणता? त्या एप्रिलांत भारत व बांगलादेशांत पडलेल्या दमट उष्म्याची अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं त्याच सालीं छाननी केली. आजची पृथ्वी आणि माणसानें तापविली नसती तर असती ती पृथ्वी, यांची त्यांनीं गणितानें तुलना केली. असा उष्मा येण्याचा संभव निदान तीसपट वाढला आहे, असें त्यांस आढळलें. कोळसा व तेल जाळल्यानें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु वाढला आहे. गिरण्या-कारखान्यांच्या युगापूर्वीं तो दहा लाख भागांत सुमारें २८० भाग होता. आतां ४२० च्या वर गेला आहे. हा वायु पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. ग्रहांकडे बोट दाखविण्याचें कारणच उरलें नाहीं.

ज्यांनीं जास्त जाळलें ते सावलींत आहेत. उन्हांत आहे तो शेतावरचा मजूर, वीटभट्टीवरचा कामकरी, मासळी विकणारी आमची आगरी-कोळी बहीण. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून आमच्या दुःखाचें मूळ अविद्येंत दाखविलें. तें मूळ अजून उपटावयाचें आहे.

म्हणून आमचें मागणें दोन गोष्टींचें. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारीं उघड्यावर सभा नको, आणि काम असेल तेथें सावली, पाणी व विसावा हे कामकऱ्याचे हक्क समजले जावेत. दुसरें, गांवच्या शाळेंत उष्णतामापक व पर्जन्यमापक बसवा आणि मुलामुलींकडून रोज वहींत आंकडे लिहवून घ्या. तीस वर्षांनीं आपलीं नातवंडें विचारतील, तेव्हां त्यांच्या हातीं शेजाऱ्याची ऐकीव गोष्ट नको, आपल्या गांवची वही असूं द्या.